मावशीचं कर्टन

मावसभावाने नव्या घराचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, तेव्हा मावशीने चष्मा लावून आधी मागचं अंगण शोधलं. नकाशात तिथे जिना होता. तिने जिन्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे माझं कर्टन आहे. ते कुठे जाणार?"

कोणी उत्तर दिलं नाही. झाडासाठी जिना हलवत नाहीत, हे तिलाही माहीत होतं.

साक्रीतलं हे घर जुनं, धाब्याचं. पुढच्या ओट्यावर बसलं की सुरत-नागपूर महामार्गावरच्या ट्रकांची घरघर ऐकू येते. मागे छोटं अंगण, त्यात तुळस, जास्वंद, धुण्याचा दगड आणि कोपऱ्यात कुंपणाच्या भिंतीपेक्षा उंच गेलेलं हे झाड. पुस्तकात त्याला क्रोटन म्हणतात. आमच्याकडे कर्टन, नाहीतर नुसतं 'शोचं झाड'. देवाला वाहायचं फूल नाही, तोंडात टाकायचं फळ नाही, गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून शोचं. पण खान्देशाच्या उन्हाळ्यात, कान नदीचं पात्र कोरडं पडलेलं आणि डोळ्यांना सगळीकडे एकच मातकट रंग दिसत असताना, या एका कोपऱ्यात पिवळं, शेंदरी, तांबडं आणि काळपट हिरवं एकाच फांदीवर असतं. कोवळं पान पोपटी येतं, मग शिरा पिवळ्या होतात आणि जुनं होता होता सबंध पानावर कुंकू सांडल्यासारखी लाली चढते. पन्नास वर्षं मावशीने भांडी घासताना याच्याकडे पाहिलं आहे.

ती १९७४ साली लग्न होऊन साक्रीला आली. पुढच्या पावसाळ्यात आजीने जळगावहून तिला या झाडाची फांदी पाठवली. एस.टी.ने येणाऱ्या नातेवाइकाच्या हाती, ओल्या फडक्यात बांधून आणि वरून केळीच्या सोपटात गुंडाळून. जळगावात सोपटाला तोटा नव्हता, आणि दिवसभर ओल धरून ठेवणारं त्याच्याइतकं चांगलं वेष्टण आजही मला माहीत नाही. मावशीने ती फांदी तेलाच्या डब्यात लावली. डब्याचा तळ गंजून फुटला तशी मुळं खाली जमिनीत उतरली आणि झाडाने आपली जागा स्वतःच पक्की केली.

आजीचं जळगावचं घर पुढे विकलं गेलं. तिथलं कर्टन गेलं, काही वर्षांनी आजीही गेली. म्हणून मावशीचा प्रश्न एका झाडापुरता नव्हता. फांदीपासून वाढवलेलं झाड हे मूळ झाडाचं मूल नसतं. बी रुजतं तेव्हा दोन झाडांचं मिळून तिसरं होतं. फांदी रुजते तेव्हा तिसरं कोणी येत नाही. आजीच्या अंगणातलं जे झाड, तेच साक्रीच्या अंगणात उभं होतं. त्याचं वय पन्नास म्हणायचं की शंभर, हे सांगता येणार नाही, कारण आजीलाही ते कोणाच्या तरी परसातूनच मिळालं होतं.

झाड मुळासकट हलवायचा विचार आधी केला. खोड मनगटाएवढं, मुळं भिंतीच्या पायात आणि धुण्याच्या दगडाखाली गेलेली. एवढं जुनं झाड उपटून कुंडीत बसवायचं तर निम्मी मुळं तोडावी लागली असती. कर्टन हे तसंही जागा बदलली की रुसणारं झाड. कुंडी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत ठेवली तरी ते खालची पानं टाकतं. तेव्हा फांद्या लावणं हाच मार्ग उरला, आणि ते काम मी अंगावर घेतलं.

मी ते मे महिन्यात केलं. सुट्टी तेव्हा होती, एवढंच कारण.

वाचून माहिती होती तेवढं सगळं पाळलं. वीतभर लांबीचे नऊ शेंडे कापले. प्रत्येकावर चार-पाच डोळे, काप खालच्या डोळ्याच्या लगेच खाली. कापताच पांढरा चीक येतो. तो हाताला लागला तर खाज सुटते आणि कापावर वाळला तर टोक बंद होतं, म्हणून फांद्या पाण्यात धुऊन घेतल्या. खालची पानं काढली, वरची कात्रीने अर्धी केली. वाळू आणि कोकोपीट सारखं मिसळून कुंड्या भरल्या, बोटाने भोक पाडून फांद्या खोचल्या, सावलीत ओळीने ठेवल्या. चौथ्या दिवशी पानं मलूल झाली, आठव्या दिवशी गळाली, पंधराव्या दिवशी फांद्या सुरकुतल्या. एक उपटून पाहिली. खाली मूळ नव्हतं, डोळ्याजवळ फुगवटाही नव्हता. वरून वाळत वाळत ती खालपर्यंत पोचली होती.

कारण साधं आहे आणि ते मला कळायला हवं होतं. तोडलेल्या फांदीला पाणी ओढायला मुळं नसतात, पण पानं मात्र पाणी सोडतच राहतात. मुळं फुटायला महिना-दीड महिना लागतो. तेवढे दिवस फांदीने स्वतःच्या अंगातल्या ओलाव्यावर काढायचे असतात. कोकणात किंवा आषाढातल्या दमट हवेत हे जमतं, कारण हवाच पानांतलं पाणी ओढत नाही. धुळे जिल्ह्यातल्या मे महिन्यात पारा चाळीस-बेचाळीसच्या वर असतो आणि दुपारचा वारा ओला पंचा अर्ध्या तासात कडक करतो. त्या वाऱ्यात मी पानं असलेली, मुळं नसलेली फांदी उघडी ठेवली होती. निदान वरून प्लॅस्टिकची पिशवी उलटी घातली असती तर काही दिवस निभावलं असतं. पण मेच्या उन्हात बंद पिशवीत फांदी शिजते, हेही तितकंच खरं.

मावशी काही बोलली नाही. तिने सुकलेल्या नऊ काड्या गोळा करून कुंडीच्या कडेला ठेवल्या, चुलीत घातल्या नाहीत.

पिंपळनेरच्या बाजूच्या एका गावातले आप्पा तिच्याकडे अधूनमधून कांदे घेऊन येतात. वय साठीच्या पुढे, बोलणं कमी. त्यांनी उमेदीची वर्षं डाळिंबाच्या बागांत काढली, बरीचशी शेजारच्या सटाणा भागात. त्यांचं काम होतं गुटी बांधणं. पिंपळनेरहून ताहाराबादमार्गे सटाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याने मी कितीदा तरी गेलो आहे, डाळिंबाच्या बागाही पाहिल्या आहेत. त्या बागांचं एकेक झाड कोणाच्या तरी हाताने फांदीवर बांधलेल्या गाठोड्यात जन्माला आलेलं आहे, हे कधी मनात आलं नव्हतं.

आप्पांनी माझ्या काड्या पाहिल्या, मग झाडाकडे गेले, एक फांदी वाकवून नखाने साल थोडी खरवडली. खाली ओलं हिरवं दिसलं. म्हणाले, "आते नही. पानी पडू दे, मंग दखू."

पाऊस या वेळी साक्रीत उशिरा लागला. आप्पा आषाढातल्या एका ढगाळ सकाळी आले. पिशवीत एक धारदार चाकू, सुतळी, कापलेले प्लॅस्टिकचे चौकोन, भिजवून पिळलेलं शेवाळ, कृषी केंद्रातून आणलेली संजीवकाची पुडी आणि स्पिरिटची छोटी बाटली.

गुटीचं सगळं शहाणपण एका गोष्टीत आहे. फांदी आईपासून आधी तोडायची नाही. आधी मुळं, मग तोडणं. माझ्या नऊ फांद्यांना जे संकट भोगावं लागलं ते गुटीत येतच नाही, कारण मुळं फुटेपर्यंत खालचं झाड वरच्या फांदीला पाणी पुरवत राहतं.

आप्पांनी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, उभ्या वाढलेल्या, गेल्या वर्षीच्या फांद्या निवडल्या. अगदी कोवळी फांदी सडते आणि अगदी जून झालेली मुळं द्यायला कंटाळा करते. शेंड्यापासून हात-दीड हात खाली, तिथली पानं काढून, चाकूने फांदीभोवती एक गोल काप दिला. त्याच्या खाली इंचभर अंतरावर दुसरा. मधली साल बांगडीसारखी सोलून काढली. आत पांढरं, गुळगुळीत लाकूड दिसलं. एवढ्यावर मी थांबलो असतो. त्यांनी चाकूची पाठ घेऊन ते लाकूड हलक्या हाताने चारी बाजूंनी खरवडलं. सालीखाली एक बुळबुळीत पातळ थर असतो. तो राहिला तर झाड आठवड्याभरात नवी साल विणून जखम भरून काढतं आणि मुळं येतच नाहीत. मग ओल्या फडक्याने चीक टिपला, तो थांबेपर्यंत वाट पाहिली, बोटाने वरच्या कापाच्या कडेला पुडी लावली, पिळलेलं शेवाळ मुठीएवढं घेऊन भोवती दाबलं, प्लॅस्टिक घट्ट गुंडाळून दोन्ही टोकांना सुतळीने बांधलं. वरची गाठ त्यांनी दुसऱ्यांदा आवळली. पावसाचं पाणी फांदीवरून ओघळत आत गेलं की गुटी कुजते.

सात गुट्या बांधायला पाऊण तास लागला. मी एक बांधली, ती त्यांनी सोडून परत बांधली.

"पुडी फक्त वरच्या कडेला का लावता?" मी विचारलं.

"मुळ्या तठेच येतस." एवढंच उत्तर.

त्यांनी जे हजारो फांद्यांवर डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याचं कारण शोधायला प्रयोगशाळेत बरीच वर्षं गेली. मुळांकडून वर जाणारं पाणी लाकडातून जातं. पानांत तयार झालेली साखर मात्र सालीतून खाली उतरते. सालीची बांगडी काढली की पाण्याची वाट उघडी राहते आणि साखरेची बंद होते. वरच्या कापाशी साखर साठते. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट साठते, शेंड्यात तयार होऊन खाली सरकणारं संजीवक. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की कोंबाच्या टोकाकडून खाली काहीतरी प्रभाव जातो. १९२० च्या दशकात हॉलंडमधल्या उट्रेक्टला फ्रिट्स वेन्ट या तरुण संशोधकाने ओटच्या कोंबांचे शेंडे कापून अगारच्या वडीवर ठेवले, मग ती वडी शेंडा नसलेल्या कोंबावर एका बाजूला ठेवली आणि कोंब वाकून वाढला. प्रभाव म्हणजे एक पदार्थ होता आणि तो वडीत उतरला होता. त्याला ऑक्झिन हे नाव मिळालं. १९३५ साली अमेरिकेतल्या बॉइस थॉम्प्सन संस्थेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवलं की इंडोल ब्युटिरिक आम्ल फांद्यांना मुळं फुटायला फार उपयोगी पडतं. आप्पांच्या पुडीत तेच होतं. शेतकरी त्याला 'आयबीए' म्हणतात.

पण पुडी येण्याच्या कितीतरी आधीपासून गुटी बांधली जात होती. बिहारमधली लिची पिढ्यान्‌पिढ्या अशीच वाढवली गेली. एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या बागकामावर पुस्तक लिहिणाऱ्या फर्मिंजर या पाद्र्याने या रीतीचं वर्णन करताना देशी शब्दच ठेवला, आणि इंग्रजीत तो 'गूटी' म्हणून रुळला. इथल्या माळ्यांनी दिलेला हा शब्द जगभरच्या फळबागांच्या पुस्तकांत आहे. मला याचा अभिमान वाटतो.

फांदी रुजवणं खान्देशाला नवं नाहीच. शेताच्या बांधावर चंद्रज्योतीच्या काठ्या रोवल्या की कुंपण होतं. पांगाऱ्याचा सोट, शेवग्याची फांदी, शेराचं कांडं, कशालाही पुडी लागत नाही. ऊस आपण बियांनी कधी लावतच नाही. भाडण्याचा पांझरा-कान साखर कारखाना ऊस गाळत होता त्या दिवसांत या तालुक्यातल्या लहान पोरालाही माहीत असायचं की बेण्यावर डोळा हवा आणि तो वरच्या बाजूला यायला हवा. डोळ्याचं महत्त्व घरातल्या कुंड्यांनाही तितकंच लागू आहे. रबर प्लांटचं एकच पान देठासकट पाण्यात ठेवलं तर त्याला सुंदर मुळं फुटतात. माणसं खूश होऊन ते कुंडीत लावतात आणि मग दोन वर्षं ते एकच पान तसंच्या तसं उभं राहतं. मुळं आहेत, पान आहे, पण डोळा नाही, तर नवा शेंडा फुटणार कुठून? कर्टनच्या पानाचंही हेच.

गावात कर्टन इतकं मुरलं आहे की ते बाहेरून आलं असं वाटत नाही. त्याचं मूळ घर इंडोनेशियाची मलुकू बेटं, म्हणजे जिथून लवंग आणि जायफळ आलं तो समुद्र, आणि तिथून पुढे ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग व पॅसिफिकमधली बेटं. सतराव्या शतकात डच कंपनीचा नोकर म्हणून आंबोन बेटावर राहिलेल्या रम्फियसने त्याचं वर्णन लिहून ठेवलं. १६७० साली त्याची दृष्टी गेली, तरी त्याने लेखनिकांच्या मदतीने काम चालू ठेवलं. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर चाळीसएक वर्षांनी छापला गेला. 'कोडियम' हे आजचं शास्त्रीय नाव मलुकूतल्या स्थानिक नावावरून आलेलं आहे. लिनियसने १७५३ साली त्याला क्रोटन प्रजातीत घातलं होतं. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते तिथून काढलं, पण लोकांच्या तोंडचं नाव काही बदललं नाही. खरा क्रोटन म्हणजे आपला जमालगोटा, आणि ग्रीक भाषेत क्रोटन म्हणजे गोचीड, कारण बी गोचिडीसारखं दिसतं. एरंड, शेर, चंद्रज्योत, जमालगोटा आणि हे कर्टन ही सगळी एकाच मोठ्या कुटुंबातली. बांधावरच्या चंद्रज्योतीचं पान तोडलं की चीक येतो, तसाच अंगणातल्या या शोच्या झाडालाही येतो. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग शेतातलंच आहे की."

१८६० च्या दशकात इंग्लंडच्या व्हीच रोपवाटिकेसाठी जॉन गूल्ड व्हीच पॅसिफिकमधल्या बेटांवर हिंडला आणि त्याने तऱ्हेतऱ्हेची कर्टनं काचेच्या पेट्यांत घालून लंडनला नेली. तिथल्या थंडीत ती काचघरातच जगायची. प्रत्येक रंगीत जात पुढे टिकली ती फांदी आणि गुटीमुळे. बियांपासून उगवलेलं कर्टन आईसारखं दिसेल याची खात्री नसते. आजीच्या झाडाची लाली मावशीकडे पोचली, कारण मधे एकदाही बी आलं नाही.

गुट्या बांधताना मी आप्पांना विचारलं होतं की स्पिरिट कशाला. सात फांद्या एकाच झाडावर, मग प्रत्येक वेळी चाकू पुसायचा कशाला? त्यांनी हातातलं काम थांबवलं. डाळिंबाबद्दल ते त्या दिवशी पहिल्यांदा सलग बोलले.

डाळिंबाचं बी लावलं तर प्रत्येक झाड वेगळं निघतं, एकाचा दाणा कडक, एकाचा फिका. म्हणून महाराष्ट्रात बागा गुटीच्या. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी १९३६ साली निवडलेल्या झाडाचं पुढे 'गणेश' झालं आणि अनेक वर्षं बागांतून तेच होतं. नंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'भगवा' आला. लाल सालीचा, लाल दाण्याचा, लांबच्या बाजारापर्यंत टिकणारा. लोकांनी जुन्या बागा काढून तो लावला. गुट्यांना एवढी मागणी आली की आप्पांसारख्या माणसांना हंगामात घरी यायला वेळ मिळायचा नाही. एका बागेतल्या गुट्या शेकडो मैल जायच्या.

मग तेल्या आला. फळावर तेलाचा डाग पडल्यासारखा काळपट ठिपका, पुढे त्यातून चीर, फळ मातीमोल. हा जिवाणूजन्य रोग पावसाच्या थेंबाने आणि वाऱ्याने पसरतो, कात्रीच्या पात्यानेही पसरतो, आणि रोगी झाडावर बांधलेल्या गुटीबरोबर नव्या बागेत जातो. दिसायला गुटी टवटवीत, मुळं पांढरीशुभ्र, आणि आत रोग. फांदीपासून झालेलं झाड हे तेच झाड असतं, म्हणून त्याचं दुखणंही त्याच्याबरोबर येतं. आणि शिवारभर एकच जात असली की जे एका झाडाला झालं ते सगळ्यांना होतं. सोलापूरला २००५ साली डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. पण आप्पांच्या ओळखीच्या अनेकांनी बागा उपटून कांदा धरला.

"गुट्या म्याच बांधेल व्हत्यात," ते म्हणाले. त्यांना दोष देण्याचं काही कारण नाही. तेव्हा कोणी गुटी बांधणाऱ्याला रोग समजावून सांगितला नव्हता. पण तेव्हापासून ते प्रत्येक फांदीला चाकू पुसतात.

जळगावच्या केळीची गोष्टही याच्या जवळची आहे. तिथे पूर्वी शेतकरी एकमेकांच्या बागेतले मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेले कोंब, आणून लावायचे. १९९० च्या दशकापासून ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपं आली. बाटलीत, निर्जंतुक खोलीत वाढवलेली, सारखी, आणि निरोगी असल्याची खात्री बरीच जास्त. तीही एकाच झाडाची रूपं, पण तपासून दिलेली. तरी बागेत गेल्यावर मावा काकडी मोझॅकचा विषाणू घेऊन येतोच, आणि गेल्या काही वर्षांत रावेर-मुक्ताईनगरकडच्या शेतकऱ्यांनी त्यापायी उभ्या बागा काढल्या आहेत. एकसारखेपणाने खान्देशाला पैसाही दिला आणि हे भयही दिलं. एका अंगणातल्या कर्टनला एवढा धोका नाही, पण त्याचीही खबरदारी आहे. शेजाऱ्याकडून फांदी आणली की पानाच्या बगलेत, देठाच्या खाचेत पांढरा कापूस दिसतो का पाहावं. तो पिठ्या ढेकूण असतो. जास्वंदीवर तो हमखास येतो आणि फांदीबरोबर घरभर जातो. मायेने दिलेली फांदीसुद्धा आठ-पंधरा दिवस वेगळी ठेवायला हरकत नाही.

चौथ्या आठवड्यात पहिली मुळं दिसली. प्लॅस्टिकच्या आत, शेवाळातून बाहेर डोकावणारी, दोऱ्यासारखी पांढरी. मावशीने मला नाशिकला फोन केला. मग ती रोज सकाळी गुट्यांशी जाऊन यायची. एका गुटीत मुंग्यांनी घर केलं होतं. तिने सुतळी सोडली नाही, मुंग्या आपोआप जाण्याची वाट पाहिली, आणि त्या गेल्या. एक मात्र कुजली. ती कोणाच्या हाताने पहिल्यांदा बांधली होती ते सांगत नाही.

कापायचा दिवस मावशीने ठरवला, कानबाईचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, सगळी भाऊबंदकी त्या दिवशी एका घरात येते, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी नदीवर विसर्जन होतं. जुन्या घरातली ही शेवटची कानबाई होती. पाहुणे परत निघताना प्रत्येकाला एक गुटी द्यायची, असं तिच्या मनात होतं.

आप्पा बोलावल्याशिवाय आले. मुळं आता पांढरी राहिली नव्हती, बदामी झाली होती आणि गाठोडं बोटाने दाबलं तर घट्ट लागत होतं. त्यांनी गाठीच्या खालून एकेक फांदी कापली. प्लॅस्टिक काढताना शेवाळ हलू दिलं नाही, कारण नवी मुळं काचेसारखी असतात. वरची निम्मी पानं कापली. मावशीला ते जिवावर आलं. पण मूठभर मुळांनी एवढ्या पानांना पाणी पाजायचं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. माती, वाळू आणि जुनं शेणखत मिसळून सहा कुंड्या भरल्या आणि आठ-दहा दिवस ओसरीच्या सावलीत ठेवल्या. पाहुण्यांना त्या दिवशी रिकाम्या हातांनी जावं लागलं. मग प्रत्येकाला निरोप गेला, येऊन घेऊन जा.

एक धुळ्याला गेली, एक नंदुरबारला, दोन सुरतेला. सुरतेत आमच्या खान्देशी नातेवाइकांची वस्ती मोठी, आणि तिथल्या दमट हवेत कर्टन साक्रीपेक्षा मजेत वाढेल. एक माझ्याबरोबर नाशिकला आली. सहावी मावशीची. जिथे गेली तिथे सांगून पाठवलं की हिला उजेड भरपूर हवा. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवली तर ती मरणार नाही, पण रंग सोडेल. उजेड कमी झाला की पानातलं हिरवं वाढतं आणि लाल-पिवळं मागे हटतं. नुसतं हिरवं झालेलं कर्टन पाहून लोकांना वाटतं जात बदलली. खिडकीजवळ आणा, पुढची पानं परत रंगात येतात. थंडीत पाणी बेताचं द्या. धुळ्याकडे हिवाळ्यात पारा किती खाली जातो ते सर्वांना माहीत आहे, आणि उष्ण बेटांवरच्या या झाडाला ते सोसत नाही, तेव्हा रात्री कुंडी आत घ्या.

नवरात्रात मावशी भाड्याच्या खोलीत राहायला गेली, दुसऱ्या मजल्यावर. सामानाच्या टेम्पोत कुंडी तिने मांडीवर घेतली होती. पहिल्या आठवड्यात झाडाने चार पानं टाकली. तिने ती उचलून पाण्याच्या तांब्यात ठेवली. मी फोनवर सांगितलं की असं होणारच, हात लावू नको, खत घालू नको. ती म्हणाली, "मला सांगतोस?"

मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा शेंड्याला दोन नवी पानं आली होती, हाताच्या करंगळीएवढी, पोपटी. अजून शिरा पिवळ्या झाल्या नव्हत्या. जुन्या घराच्या अंगणातलं झाड तोवर उभं होतं, गुट्या काढलेल्या जागी सहा तोकडी खोडकी घेऊन, आणि त्यातल्या प्रत्येकाखाली डोळे फुगले होते.

चहा घेताना घरमालकीणबाई वर आल्या. त्यांनी कुंडीकडे पाहिलं, पान उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, "काकू, छान रंग आहे हो. मला एक फांदी द्याल का?"

मावशीने कुंडी थोडी आपल्याकडे ओढून घेतली.

"देईन की," ती म्हणाली. "आषाढात ये."